मदत हवी आहे – आयसीयूबाहेर बसलेल्या आईसाठी मोबाईलवरचं काउन्सेलिंग

बाबा व्हेंटिलेटरवर आहेत, आज बारावा दिवस. त्यांचं डॉक्टर बघतायत, प्रश्न आईचा आहे. भेटायला दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटं, बाकी पूर्ण वेळ ती बाहेरच्या खुर्चीत, झोप नाही, जेवण नाही, लिफ्टचा टिंग आवाज झाला तरी दचकते. घरी चल म्हटलं की "मी गेले आणि काही झालं तर?"

मी थोडं वाचलं तर कळलं की याला नावच आहे, पोस्ट इंटेन्सिव्ह केअर सिंड्रोम फॅमिली, २०१२ पासून डॉक्टर लोक हे नाव वापरतात, म्हणजे पेशंट घरी आल्यावरही नातेवाईकांना महिनोन् महिने भीती, डिप्रेशन, झोप न लागणं चालू राहू शकतं. अमेरिकेत अशा लोकांसाठी मोबाईलवर थेरपी देऊन बघतायत, कारण पेशंटला सोडून क्लिनिकला जाणार कोण?

टेलिमानसचा (सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाईन) १४४१६ नंबर माहितीये, फुकट आहे, २४ तास, मराठीत बोलतात. पण आई अनोळखी माणसाशी फोनवर बोलायलाच तयार नाही, त्यात वेटिंग रूममध्ये शेजारी सगळे कान देऊन (आपले लोक!).

तर कोणी आपल्या माणसासाठी असं ॲप किंवा व्हिडिओ कॉलवरचं काउन्सेलिंग वापरलंय का? मराठीत हवं, इअरफोन लावून ऐकता येईल असं, तिला व्हॉट्सॲपपलीकडे काही जमत नाही. आणि खर्च साधारण किती येतो? आणि मुळात तिला तयार कसं करू, "मला काय वेड लागलंय का" हे ऐकून झालंय.