एका फोटोवरून फुलपाखराचं नाव ठोकून द्यावं का?

गच्चीवरची
परवा गच्चीतल्या झेंडूवर केशरी फुलपाखरू बसलं होतं. पुढच्या पंखांची टोकं काळी, त्यात पांढरा पट्टा. फोनमधल्या अ‍ॅपने लगेच 'प्लेन टायगर' सांगितलं. सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं तर सात जणांनी तेच. मीही वहीत तसंच लिहिलं. दुसऱ्या दिवशी तीच बाई (किंवा तिची बहीण) मिरचीच्या कुंडीत माजलेल्या घोळीभोवती घुटमळत होती, आणि पानाला अंडं चिकटवून गेली. प्लेन टायगरच्या अळीला रुई, मांदार नाहीतर हळदीकुंकवाचं झाड लागतं, घोळ ती खात नाही. म्हणजे ही डॅनाइड एगफ्लायची मादी. आपल्याकडचा छोटा चांदवा, प्लेन टायगरचं सोंग घेऊन आलेला!
म्हणून म्हणते, फोटो बघून नाव सांगायची ही घाई बंद करा. झाड बघा, वागणं बघा. नाहीतर वहीत 'केशरी फुलपाखरू' एवढंच लिहा.

ठिपकेवाला
ताई, फोटोला कशाला दोष देता? सातही जणांनी पंखाचं टोक पाहिलं आणि मोकळे झाले. मागचा पंख बघायचा. प्लेन टायगरच्या मागच्या पंखावर मध्याजवळ तीन काळे ठिपके असतात, नराला गंधपिशवीचा चौथा. चांदव्याच्या मादीचा मध्य कोरा, फक्त वरच्या कडेला एक डाग. तिच्या पंखाची कडही जरा नागमोडी असते. शिवाय प्लेन टायगरचं धड काळं, त्यावर पांढरे ठिपके, पाटीवर खडू शिंपडल्यासारखे. हे सगळं एका बऱ्या फोटोत दिसतं. सोंग पक्ष्याला फसवायला घेतलंय (प्लेन टायगर बेचव, म्हणून पक्षी त्याला टाळतात), आणि पक्षी काही ठिपके मोजत बसत नाही. आपण मोजू शकतो.

गच्चीवरची
माझ्या फोटोत नेमकी त्या मध्यावर झेंडूची पाकळी आली आहे. आता बोला.

ठिपकेवाला
मग 'या फोटोवरून सांगता येत नाही' हे उत्तर. पण एका पाकळीपायी सगळ्यांचे फोटो रद्दीत का काढायचे?

तिसरा मजला
झाडावरून ओळखण्याचं फार कौतुक चाललंय. आमच्या बाल्कनीत रुई सोडा, रुईचं पानही नाही, तरी प्लेन टायगर दिवसाआड येतो. मध प्यायला येतो. वडापावच्या गाडीवर उभा असलेला प्रत्येक जण त्याच गल्लीत राहतो का? डोळ्यांदेखत अंडं घातलं तर तो पुरावा. 'माझ्याकडे घोळ आहे, म्हणजे हा चांदवाच' हा अंदाज अ‍ॅपइतकाच कच्चा.

गच्चीवरची
हे मान्य. मी अंडं घालताना पाहिलं म्हणूनच लिहिलं.

कढीपत्त्याची मालकीण
मी धागाकर्तीच्या बाजूने. माझ्या एकाच कढीपत्त्यावरच्या अळ्या (लहानपणी अगदी पक्ष्याच्या शिटेसारख्या दिसणाऱ्या) मी दोन वर्षांपूर्वी बरणीत वाढवल्या. सगळ्या कॉमन मॉर्मन या काळ्या फुलपाखराच्या. त्यातून दोन माद्या निघाल्या. एक नरासारखी, काळी, मागच्या पंखावर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ. दुसरीच्या पंखावर पांढरा पट्टा आणि लाल चंद्रकोरी, हुबेहूब कॉमन रोझ, म्हणजे वेगळ्याच जातीचं फुलपाखरू! कोषातून बाहेर पडताना मी स्वतः पाहिली नसती तर मेले तरी पटलं नसतं. अ‍ॅपने अर्थातच कॉमन रोझ सांगितलं.
ही वेगवेगळी दिसणारी फुलपाखरं एकाच जातीच्या माद्या आहेत हे निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेसने १८६५ साली मांडलं होतं. त्यामागे 'डबलसेक्स' नावाचं एकच जनुक आहे, हे फुलपाखरांचे अभ्यासक कृष्णमेघ कुंटे आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवलं. जिथे वॉलेसला डोकं खाजवावं लागलं तिथे आपल्या ग्रुपवरचे काका 'रोझ आहे' म्हणून अंगठा दाखवतात.

ठिपकेवाला
काकांनी अंगठा दाखवण्याआधी धड पाहिलं असतं तर? रोझचं अंग लाल, मॉर्मनचं काळं. मादीने पंख रंगवले, अंग रंगवायचं राहून गेलं. हेसुद्धा फोटोतच दिसतं!

पिवळ्यांना विटलेला
तुमची भांडणं श्रीमंतांची आहेत. इथे गवतात पिवळी फुलपाखरं उडतात, त्यांचं काय? पुस्तकात लिहिलंय, पुढच्या पंखाच्या खालच्या बाजूला मुळाजवळच्या कप्प्यात दोन खुणा असल्या तर कॉमन ग्रास यलो, तीन असल्या तर थ्री-स्पॉट ग्रास यलो. पण ती पंख मिटूनच बसतात आणि पुढचा पंख मागच्याआड अर्धा लपतो. त्यात पावसाळी पिढी वेगळी, उन्हाळी पिढीवर तपकिरी डाग. मी 'ग्रास यलो' एवढंच लिहितो आणि शांत झोपतो. निळ्या चिमुकल्या ग्रास ब्लूंचंही तेच.

तिसरा मजला
जाळी घेऊन पकडा, बघा, सोडा. दोन मिनिटांचं काम.

कढीपत्त्याची मालकीण
आणि पंखावरचे खवले तुमच्या बोटांना लागतील ते? नाव कळावं म्हणून पंख खराब करणार?

ठिपकेवाला
जाळी नकोच. त्यात डॅनाइड एगफ्लाय २०२२ ची दुरुस्ती होईपर्यंत वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत होतं, वाघाच्या पंक्तीत. आणि म्हणूनच 'केशरी फुलपाखरू' लिहून थांबणं मला पटत नाही. सगळ्यांनी तसंच लिहिलं तर चांदवा कुठे कुठे आहे हे कुणालाच कळणार नाही. पिवळ्यांच्या बाबतीत मात्र वरच्या दादांशी सहमत, मीही 'ग्रास यलो'वर थांबतो.
ताई, अंडं अजून आहे ना? अळी निघाली की तुमचा वाद मिटेल. चांदव्याची अळी काळपट, अंगभर फांद्याफांद्यांचे काटे. प्लेन टायगरची गुळगुळीत, पट्ट्यापट्ट्यांची, पाठीवर मऊ शिंगांच्या तीन जोड्या.

गच्चीवरची
अंडं आहे. वहीत 'प्लेन टायगर' खोडलं, वर 'छोटा चांदवा, मादी, अंडं घोळीवर' लिहिलं. सकाळी सासूबाई ताट घेऊन गच्चीत आल्या, घोळ भाजीला छान झाली आहे म्हणाल्या. मी कुंडीवर जाळीचं झाकण पालथं घातलंय आणि वर वीट ठेवली आहे. अळी निघाली की फोटो टाकते, पाकळीशिवाय.