टूरिंग बाईक निवडताना तज्ज्ञांचं ऐकावं का? माझ्या मते कोकणात तरी नाही

तळीवरचा

आधी मत सांगतो, मग कारणं. टूरिंगसाठी मोटरसायकल कशी निवडावी यावर जाणकार मंडळी जे सांगतात, त्यातलं निम्मं कोकण किनाऱ्यावर लागू पडत नाही. ते खोटं बोलतात असं माझं म्हणणं नाही. त्यांनी गाडी जिथे चालवून बघितलेली असते तो रस्ता वेगळा आणि आमचा वेगळा. एक तर चौपदरी हायवे, नाहीतर थेट लडाख. गुहागर ते दाभोळ कोणी मोजतच नाही.

मी शृंगारतळीला राहतो. उंची ५ फूट ४ इंच. बारा वर्षं १५० सीसीची गाडी चालवली, मग बायकोला घेऊन लांब फिरायचं ठरवलं आणि वर्षभर सगळे रिव्ह्यू पालथे घातले. सगळ्यांचा सूर एकच होता. खराब रस्ते आहेत ना, मग ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमीन आणि गाडीचं पोट यांतलं अंतर, २०० मिमीच्या वर घ्या, पुढचं चाक मोठं घ्या, सस्पेन्शनचा ट्रॅव्हल (शॉक दबायची लांबी) जास्त घ्या, ताकद ४० बीएचपीच्या आसपास घ्या. सीटच्या उंचीला घाबरू नका, एका पायावर तोलायची सवय होते. मी तशीच गाडी घेतली. कोणती ते सांगत नाही, कारण दोष गाडीचा नव्हता.

जानेवारीत धोपाव्याच्या जेट्टीवर उभा होतो. ओहोटी होती. भरतीला फेरीबोटीची फळी जवळजवळ सपाट टेकते, ओहोटीला धक्क्याच्या उतारावर खाली जाऊन टेकते आणि पाण्याखालून वर आलेला तो भाग शेवाळाने हिरवा असतो. माझ्या पुढचा टेम्पो बोटीत शिरता शिरता थांबला. मीही थांबलो. डावा पाय खाली टाकला, तर डावीकडे जमीन उतरती. पाय टेकलाच नाही. बोटं आणि काँक्रीट यांच्यात चार बोटांचं अंतर असेल. दोनशे किलोची गाडी, मागे बायको, दोन्ही बाजूंना बॅगा. गाडी अगदी सावकाश कलली आणि मला ती धरता आली नाही. बायकोचा घोटा बॅगेच्या फ्रेमखाली आला. तीन आठवडे प्लास्टर. बोटीवरच्या दोघांनी धावत येऊन गाडी उचलली, क्लचची दांडी मोडली होती ती नंतर दिसली.

एका पायावर तोलायची सवय होते हे सपाट जमिनीवर खरं आहे. आमच्याकडे सपाट जमीन कुठे आहे? वेसवी–बागमांडला, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड, आगरदांडा–दिघी, सगळीकडे हाच उतार. घराच्या पाखाडीपाशी तोच, देवळाच्या घाटीत तोच.

ताकदीचंही तसंच. सागरी रस्त्याने जाताना दर दोन-तीन किलोमीटरला वाडी, शाळा, गतिरोधक, रस्त्यात बसलेली गुरं. चौपदरी सोडून इतर रस्त्यांवर दुचाकीला कायद्यानेच ६० ची मर्यादा आहे. प्रत्यक्षात दिवसभराची सरासरी ३५ पडते. मग आठ हजार आरपीएमला, म्हणजे इंजिनाने मिनिटाला आठ हजार फेरे घेतल्यावर, मिळणारी ताकद मी कुठे वापरू? मला दुसऱ्या गियरमध्ये वळणावर गचका न देता ओढणारं इंजिन हवं.

चौदा महिन्यांत ती गाडी विकली. आता मीटिओर ३५० आहे. सीट ७६५ मिमी, २७ एनएम टॉर्क (ओढायचा जोर) तोही ४००० आरपीएमला, चाकं अलॉयची (तारा नसलेली, ओतीव), टायर ट्यूबलेस. दोन्ही टाचा टेकतात. ज्याला पटत नसेल त्याने जरूर उत्तर द्यावं.

घाटमाथा_पुणे

वहिनींच्या पायाचं वाचून वाईट वाटलं. पण दादा, मला तुमचा निष्कर्ष मान्य नाही.

जाणकारांचा सगळ्यात जुना सल्ला असा आहे की ज्या वजनासह फिरणार, त्या वजनासह गाडी चालवून बघा. मागे माणूस, बॅगा, सगळं. तो तुम्ही पाळलात का? तुमच्या लिखाणात तरी दिसत नाही. तुम्ही आकड्यांचा सल्ला घेतलात आणि माणसाचा सोडलात.

दुसरं, ताकदीबद्दल तुम्ही चुकताय. मोठं इंजिन फक्त वरच्या आरपीएमलाच ओढतं असं नाही. हिमालयन ४५० चा टॉर्क ४० एनएम आहे. तो ५५०० आरपीएमला मिळत असला तरी ३००० लासुद्धा ते इंजिन तुमच्या २७ पेक्षा जास्तच देतं. मी पुण्याहून कुंभार्ली उतरून वीस वर्षं कोकणात येतोय, आधी १०० सीसीवर, मग १८० वर, आता ४०० वर. खाली महामार्ग लागला की मागून आरामबस येते, पुढे चिऱ्यांचा ट्रक असतो. तो ओलांडताना ६० वरून ८० वर जायला लागणारा प्रत्येक सेकंद तुम्ही समोरून येणाऱ्याच्या लेनमध्ये घालवत असता. मागे माणूस असेल तर तो सेकंद आणखी लांबतो. ताकद वेगात पळायला लागत नाही, लवकर सुटायला लागते. जाणकार हेच सांगतात आणि ते मुंबई–गोवा महामार्गाला तंतोतंत लागू आहे.

तिसरं, ७६५ ची सीट फुकट मिळत नाही. मीटिओरचा ग्राउंड क्लिअरन्स १७० मिमी आहे, हिमालयनचा २३०. मागे बायको आणि बॅगा घेऊन आरे-वारेकडच्या एखाद्या गावात अचानक आलेला गतिरोधक चढून बघा. खालून आवाज येतो की नाही ते सांगा. आणि दिवसाच्या शेवटी मागे बसणारीची कंबर काय म्हणते तेही तिलाच विचारा.

तळीवरचा

आवाज येतो, हे प्रामाणिकपणे कबूल करतो. हेदवीच्या उतारावर दोनदा आला. मागचे शॉक एक घर कडक केले आणि हवा वाढवली, तेव्हापासून कमी झाला, गेला नाही.

पण वजनासह चालवून बघायचं कुठे? शोरूमने मला दोन किलोमीटर दिले, सपाट डांबरी रस्ता, शेजारी त्यांचा माणूस दुसऱ्या गाडीवर. मागे बायकोला बसवू का विचारलं तर नाही म्हणाले. बॅगा तर लांबच. जो सल्ला गिऱ्हाइकाला पाळताच येत नाही, त्याच्या जोरावर गिऱ्हाइकालाच चूक ठरवणं बरोबर नाही.

घाटमाथा_पुणे

भाड्याने घ्या. पुण्यात, गोव्यात या गाड्या दिवसाच्या भाड्याने मिळतात. दोन-अडीच लाखांची वस्तू घेण्याआधी दोन हजार खर्च करून ती तुमच्याच जेट्टीवर आणता आली असती. हे मी तुम्हाला लागावं म्हणून लिहीत नाही. पुढचा माणूस वाचेल म्हणून लिहितोय.

वेंगुर्ल्याची_मी

मला दोघांचंही अर्धवट वाटतं.

माझी उंची ५ फूट २ इंच आणि मी एक्सपल्स २०० चालवते. सीट ८२३ मिमी. तळीवरच्या दादांच्या हिशेबाने मी ती घ्यायलाच नको होती. पण गाडी १६० किलोच्या आत आहे. कलली तरी मांडी लावून धरता येते, पडली तरी मी एकटी उचलते. त्यामुळे उंचीचा बाऊ करू नका, वजन बघा. जाणकार मंडळी सीटच्या उंचीवर पानंच्या पानं लिहितात आणि वजनाचा आकडा शेवटी एका ओळीत देतात, माझी तक्रार ती आहे.

आणि पुणेकर दादा, १८ बीएचपीत आंबोली चढते. सावकाश चढते. ट्रक ओलांडायची घाई करत नाही, मागे राहते, एवढंच.

पण एका बाबतीत मी तळीवरच्यांच्या बाजूची. पुढचं चाक २१ इंची घ्या, खड्ड्यात छान जातं, हे सगळेच सांगतात आणि ते खरंही आहे. आचऱ्याहून देवगडकडे जाताना कुणकेश्वरच्या अलीकडे पुढची हवा गेली. खिळा असता तर ठिगळ मारून भागलं असतं. ट्यूब व्हॉल्व्हच्या (हवा भरायच्या नळीच्या) मुळाशी फाटली होती, तिथे ठिगळ बसत नाही. पंक्चरवाल्या काकांनी ट्यूब पाण्यात बुडवून मला बुडबुडे दाखवले, पुसली, घडी करून परत माझ्या हातात दिली आणि म्हणाले, “ही ट्यूब हंयसर गावची नाय. कुडाळात बघा, नायतर कोल्हापूर.” त्यांच्याकडे भिंतीवर खुंटीला १७ आणि १८ इंचाच्या ट्यूबा टांगलेल्या होत्या, स्कूटरच्याही होत्या. २१ ची एकही नाही. त्यांच्या पुतण्याने मला बाईकवरून कुडाळला नेलं, तिथे चौथ्या दुकानात मिळाली. सकाळी दहाची गोष्ट, गाडी चालू झाली तेव्हा सहा वाजले होते.

आता सीटखाली एक जादा ट्यूब आणि दोन लिव्हर असतात. चाक मी स्वतः खोलते. हे कुठल्याही रिव्ह्यूत लिहिलेलं नव्हतं.

एसटीतून_निवृत्त

घाटात रात्री समोरून या टूरिंगवाल्यांचे जादा एलईडी दिवे डोळ्यांत येतात. आंबोलीच्या धुक्यात तर समोर पांढरी भिंतच उभी राहते, रस्त्याची कड दिसत नाही. जाणकार ‘जादा दिवे लावा’ सांगतात, ते खाली वळवा आणि समोर गाडी दिसली की बंद करा हेही त्यांनी तितक्याच जोराने सांगायला हवं. आणि चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी. नियमच आहे तो. बाकी सीसीचं तुमचं चालू द्या.

चिपळूण_गॅरेज

गेली अठरा वर्षं माझं गॅरेज आहे. सगळं वाचलं. उंची, वजन, ताकद यावर सगळे बोलले, खाऱ्या हवेबद्दल एकानेही एक ओळ लिहिली नाही. जाणकारही लिहीत नाहीत, कारण त्यांच्याकडे गाडी महिनाभर असते. गंज दुसऱ्या पावसाळ्यात दिसतो.

परवाच दापोलीकडची एक गाडी आली. दोन वर्षं झालेली, महागातली. तक्रार अशी की गाडी जड चालते, ॲव्हरेज पडलं. मधल्या स्टँडवर लावली, मागचं चाक हाताने फिरवलं तर अर्धा फेरासुद्धा जाईना. ब्रेकचा कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) खोलला. ज्या पिनांवर तो सरकतो त्यांचं रबर फाटलेलं, आत पांढरं मीठ आणि तांबडी माती एकत्र होऊन घट्ट बसलेली. पिन पक्कडीने फिरवून काढावी लागली. ब्रेक सोडला तरी पॅड डिस्कला चिकटून राहत होते. डिस्क निळी पडली होती, इतकी तापली होती. मालकाला काही कल्पनाच नव्हती, तो सर्व्हिस वेळेवर करत होता. पण त्या सर्व्हिसमध्ये पिना काढून ग्रीस करत नाहीत.

स्पोकचंही, म्हणजे चाकाच्या तारांचंही, तसंच. किनाऱ्यावरच्या गाडीच्या स्पोकचे निपल (तार ताणायचे नट) दोन वर्षांत गंजून असे धरतात की रिम आऊट, म्हणजे वाकडी, झाली तर स्पोक पिळून तुटतो, निपल फिरत नाही. म्हणून समुद्राजवळ राहणारं गिऱ्हाईक विचारायला आलं तर मी अलॉय सांगतो. डोंगरात राहणाऱ्याला, लोट्याच्या वर, पोलादपूरकडे, स्पोक चालेल. तज्ज्ञ म्हणतात खराब रस्त्याला स्पोक, कारण अलॉय चिरते. चिरते, खरं आहे. मी अठरा वर्षांत चिरलेली अलॉय मोजकी बघितली आणि गंजलेले स्पोक रोज बघतो.

वाळूवर गाडी नेऊ नका. नेलीत तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा, प्रेशर न मारता, बादलीने. प्रेशरने पाणी बेअरिंगमध्ये आणि हँडलच्या कोनसेटमध्ये घुसतं. चेन रॉकेलने पुसून ९० नंबरचं ऑइल, पावसात दर ३०० किलोमीटरला. स्प्रे महाग पडतो आणि आपल्या पावसात टिकत नाही.

घाटमाथा_पुणे

मिस्त्री, हे सोन्यासारखं लिहिलंत. पिनांचं मला माहीत नव्हतं, उद्याच खोलून बघतो. पण यावरून तज्ज्ञ चुकले असं ठरत नाही, त्यांचं अपुरं आहे एवढं ठरतं. एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक अडकू न देणारी यंत्रणा) घ्या हे त्यांनीच वर्षानुवर्षं लावून धरलं. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या प्रत्येक नव्या गाडीला ते सक्तीचं झालं. ओल्या रस्त्यावर तांबडा चिखल वाहून आलेला असताना पुढचा ब्रेक जोरात दाबूनही मी आज इथे लिहितोय तो त्याच्यामुळे. परशुराम घाटात, गेल्या जुलैत. तो सल्ला टिकला की नाही?

तळीवरचा

टिकला. एबीएसबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. धाग्याच्या नावात ‘तज्ज्ञांचं ऐकावं का’ असं सरसकट लिहायला नको होतं, हे मानतो. ब्रेक, टायर, हेल्मेट याबद्दल ते सांगतात ते कुठेही खरं आहे, कारण ते निसर्गाच्या नियमांवर उभं आहे. पण सीट किती उंच, चाक किती मोठं, स्पोक की अलॉय, ताकद किती, हे गावावर ठरतं. तिथे मी माझ्या मतावर ठाम आहे. मिस्त्रींनी आणि वेंगुर्ल्याच्या ताईंनी जे लिहिलं त्यातलं एकही वाक्य मला वर्षभराच्या वाचनात सापडलं नव्हतं.

पुणेकरांचं भाड्याच्या गाडीचं मात्र मनावर घेतो. मेहुण्याला या दिवाळीत गाडी घ्यायची आहे, तोही माझ्याच उंचीचा, आणि त्याला २५० सीसीची व्ही-स्ट्रॉम आवडली आहे. १६७ किलो, अलॉय, ट्यूबलेस, पण सीट ८३५. मी कालपर्यंत नको म्हणत होतो. आता म्हणतोय की एक दिवस भाड्याने आणू आणि ओहोटी बघून धोपाव्याला नेऊ.

वेंगुर्ल्याची_मी

न्या. पण जेट्टीवर चढताना आणि उतरताना मागच्या माणसाला आधी उतरवा, बॅगा असतील तर त्याच्या खांद्यावर द्या. पुढचं वाहन पूर्ण बोटीत जाऊन थांबेपर्यंत वर सपाटीवरच उभे राहा, बोटवाला कितीही हात करू दे. थांबावंच लागलं तर ज्या बाजूला जमीन उंच, तोच पाय टाका. आणि वहिनींना विचारा त्यांना परत त्या जेट्टीवर यायचं आहे का.

तळीवरचा

विचारलं. येते म्हणाली, पण फळी ती चालत चढणार.