चॅट्सवर्थची पागा: आतला हिशोब कसा बसतो?

तिरपा_टेकू: इंग्लंडमधल्या डर्बीशरच्या चॅट्सवर्थ वाड्याच्या पागेचं 1:100 मॉडेल करतोय. वास्तुकार जेम्स पेननं वाड्याच्या मालकासाठी, डेव्हनशरच्या चौथ्या ड्यूकसाठी, 1760 च्या सुमारास बांधलेली, साधारण 58 मीटर चौरस, दोन मजली, मधे चौक. दर्शनी बाजू जमली: चार डोरिक (साध्या ग्रीक धाटणीचे) खांब, वर त्रिकोणात घराण्याचं चिन्ह, माथ्यावर घड्याळाचा मनोरा. अडतंय ते आत. 80 घोडे मावतात कसे? आणि फरशीला ढाळ किती धरू?

दावण: बांधून ठेवायच्या घोड्याला 6 फूट रुंदी, 9 फूट खोली धरा. 80 घोड्यांना 480 फूट, म्हणजे 146 मीटर. चारी बाजूंची बाहेरची लांबी 232 मीटर. कोपरे, कमान, जिने, लोहारशाळा वजा केली तरी एकेरी रांगेत जमण्यासारखं आहे, नकाशावर ताडून बघा. तोंड भिंतीकडे, मागे निदान 6 फुटांची वाट. माणसाला लाथेच्या टप्प्याबाहेरून जाता आलं पाहिजे. खिडकी गव्हाणीच्या बरीच वर ठेवा, नाहीतर डोळ्यावर तिरीप आणि मानेवर वाऱ्याचा झोत. वरच्या मजल्यावर धान्याची कोठारं आणि नोकरांच्या खोल्या होत्या.

चुनेगच्ची: ढाळ 60 ला 1 पुरे. जास्त दिला की घोडा कायम चढावर उभा राहतो, मागच्या पायांच्या शिरा ताणतात. कमी दिला तर मूत तुंबतं, खुरं कुजतात. पण 9 फुटांत हा उतार जेमतेम 46 मिलिमीटर, तुमच्या मॉडेलमध्ये अर्धा मिलिमीटरही नाही! ढाळ सोडा, मोरीची रेघ तेवढी दाखवा.

तिरपा_टेकू: पटलं. जरा विषयांतर: घोडे जाऊन कैक वर्षं झाली तरी जुन्या पागांच्या भिंतींचा पायथा ओलाच का दिसतो?

चुनेगच्ची: मूत्रातून भिंतीत मुरलेले नायट्रेटचे क्षार. ते हवेतली आर्द्रता ओढतात, त्यामुळे जमिनीतून पाणी चढत नसलं तरी डाग उमटतो. धुऊ नका, क्षार विरघळून आणखी आत जातात. कोरड्या ब्रशनं झाडा. दरजा (दगडांमधल्या फटी) सिमेंटनं भरल्या असतील तर आधी त्या काढा. सिमेंटमधून ओल सुटत नाही, मग ती दगडातून बाहेर पडते आणि दगडाचे पापुद्रे निघतात. चुन्याच्या दरजा स्वतः झिजतात, दगड वाचतो.

दावण: आणि मागचं गाडीघर 1760 च्या मॉडेलमध्ये घेऊ नका. ते सहाव्या ड्यूकनं 1830 च्या दशकात नव्यानं जोडलंय.