कैरोत आईबाबांसोबत: नवीन म्युझियम की तहरीरचं जुनं?

सह्यभटक्या: जानेवारीत आईबाबांना घेऊन इजिप्तला चाललोय, कैरोला दोनच दिवस, त्यातला एक पिरॅमिडला. गिझाचं नवीन ग्रँड इजिप्शियन म्युझियम करू की तहरीर चौकातलं जुनं? ट्रॅव्हलवाला म्हणतो जुन्यात आता काही उरलं नाही. आईला ममी बघायच्यात, मला तूतनखामन राजाचा खजिना, आणि बाबांचे गुडघे कुरकुरतात.

मुळेकाठ: काही उरलं नाही म्हणे! तूतनखामन नव्यात गेला हे खरंय, १९२२ ला थडग्यात सापडलेल्या पाच हजारांवर वस्तू पहिल्यांदाच एकत्र मांडल्यात, पण अगदी सुरुवातीच्या नार्मर राजाची कोरीव पाटी, पिरॅमिडवाल्या खाफ्रे राजाचा तो मानेमागे ससाणा बसलेला काळा पुतळा, तानिसच्या राजाची चांदीची शवपेटी हे सगळं अजून तहरीरलाच आहे. १९०२ ची ती गुलाबी इमारत, जुनी लाकडी कपाटं... मला तर तेच जास्त आवडलं. दोन-तीन तास पुरतात.

चिंगी_नाशिक: काकूंना आधीच सांगून ठेव, राजघराण्याच्या ममी दोन्हीकडे नाहीत! २०२१ मध्ये २२ ममींची वाजतगाजत मिरवणूक काढून फुस्तातच्या वेगळ्या म्युझियममध्ये नेल्या. तहरीरहून टॅक्सीने जवळ आहे, दोन्ही एका दिवसात आरामात होतं.

सह्यभटक्या: अरे बापरे, हे ट्रॅव्हलवाला बोललाच नाही. मग नवीन कधी बसवू?

मुळेकाठ: पिरॅमिडच्याच दिवशी, अगदी शेजारी आहे. बुधवार किंवा शनिवार धर, रात्री ९ पर्यंत उघडं असतं, तरी वेळा एकदा चेक कर आणि तिकीट ऑनलाइनच काढ. सकाळी लवकर पिरॅमिड, जेवण, मग आत. दारातच रामसेस राजाचा ११ मीटरचा पुतळा, हा २००६ पर्यंत रेल्वे स्टेशनसमोरच्या चौकात गाड्यांचा धूर खात उभा होता. पुढे मोठा जिना आहे, पण बाजूला सरकता जिनाही आहे, बाबांना त्यावरून ने. आणि तूतनखामनच्या सोन्याच्या मुखवट्यासमोर सगळे फोटो काढून सटकतात, तू मागे जा, पाठीवर ओळीच्या ओळी मंत्र कोरलेत ते बघ.

चिंगी_नाशिक: खुफू राजाची होडी विसरू नका. नव्या म्युझियमच्याच वेगळ्या इमारतीत आहे, चाळीस मीटरहून जास्त लांब, देवदाराच्या फळ्या दोरीने शिवलेल्या. माझे बाबा तिथून हलेचनात.

सह्यभटक्या: ठरलं, शनिवारी गिझा, रविवारी तहरीर आणि फुस्तात. ट्रॅव्हलवाल्याला आजच फोन लावतो.