प्रतिसाद: पासवर्ड काढू नका, गेस्ट नेटवर्क द्या

शेजाऱ्यांसाठी वाय-फायचा पासवर्डच काढून टाकावा, असं वर सुचवलंय. भावना मनापासून पटते. पण आपण नवी मुंबईकरांनी २००८ विसरू नये. अहमदाबाद स्फोटांच्या वेळचा धमकीचा ईमेल सानपाड्यात राहणाऱ्या एका अमेरिकन माणसाच्या वाय-फायवरून गेला आणि पोलीस त्याच्याच दारात पोहोचले. आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेटवरच्या कनेक्शनच्या क्रमांकावरून, कनेक्शन कुणाच्या नावावर आहे तेवढंच कळतं. वापरलं कुणी, ते नाही.

म्हणून राउटरवर गेस्ट नेटवर्क, म्हणजे पाहुण्यांसाठीचं वेगळं वाय-फाय, चालू करा, पासवर्ड वेगळा ठेवा आणि ओळखीच्यांनाच द्या. आमच्या वॉचमनची मुलगी जिन्यात बसून त्यावरच अकरावीचा फॉर्म भरत होती. बहुतेक राउटरवर घरचा प्रिंटर, कॅमेरा तिकडून दिसत नाही. अनोळखी लोकांसाठी २०२० पासून पीएम-वाणी ही सरकारची सार्वजनिक वाय-फाय योजना आहे: हॉटस्पॉट चालवणाऱ्याला परवाना लागत नाही आणि वापरणाऱ्याची नोंदणी ॲपमधून होते.