सिसिलीत रोज मुक्काम हलवू नका

मे महिन्यात भाड्याच्या गाडीने, आठ दिवसांत सात मुक्काम करून इटलीतल्या सिसिली बेटाची प्रदक्षिणा हा तुम्ही पाठवलेला बेत कागदावर छान दिसतो, पण बॅगा भरण्यातच जीव जाईल. पालेर्मो, अग्रिजेंतो, सिराकुझा, एवढे तीनच मुक्काम, बस्स. पालेर्मोला उतरा आणि कतानियाहून परत निघा. गाडी दुसऱ्या शहरात सोडायचे बहुधा जादा पैसे पडतात, पण उलटा फेरा वाचतो.

पालेर्मोत गाडी घेऊच नका. शहर पायी बघा, निघायच्या दिवशी गाडी ताब्यात घ्या. तिथली वाहतूक पुण्याच्या पेठांत गाडी चालवणाऱ्याला घाबरवणार नाही, खरी भीती 'झेडटीएल'च्या, म्हणजे मर्यादित वाहतुकीच्या भागाच्या, पाटीची. जुन्या वस्तीत विनापरवाना शिरलात की कॅमेरा नंबर टिपतो आणि दंडाचं पत्र काही महिन्यांनी घरी येतं. मुक्काम अशा भागात असेल तर हॉटेलला आधीच विचारून ठेवा. भारतातलं लायसन्स असेल तर आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवानाही काढा.

अग्रिजेंतोहून सिराकुझाला जाताना थोडी वाट वाकडी करून पियात्सा आर्मेरिनाजवळचा रोमन वाडा बघाच. चौथ्या शतकातल्या मोझॅकच्या फरशा, शिकारीची दृश्यं, अगदी हत्तीसुद्धा! तुमच्या यादीत तो कसा नाही? त्यासाठी यादीतलं ताओर्मिना गाव गाळलं तरी माझी हरकत नाही.

सिराकुझाहून नोतो जवळ आहे. १६९३च्या भूकंपानंतर नव्या जागी वसवलेलं हे गाव संध्याकाळच्या उन्हात बघावं. एटना ज्वालामुखीवर गाडी साधारण १,९०० मीटरपर्यंत जाते, पुढे केबल कार. मे महिना असला तरी जॅकेट लागेल.