आठवण गेली की माणूस गोड होतो म्हणे!

फटकळ
गेल्या आठवड्यात इथे एकाने जपानी लेखिका योको ओगावांच्या 'द हाउसकीपर अँड द प्रोफेसर' या कादंबरीबद्दल लिहिलं, की विसरणारं माणूस घरात असेल त्या प्रत्येकाने हे वाचावं, जगणं किती सुंदर आहे ते कळतं. उत्तर द्यायला बसले आणि फार लांबलं, म्हणून वेगळा धागा.

पुस्तकातल्या गणिताच्या प्रोफेसरांना १९७५ च्या अपघातानंतर शेवटच्या ८० मिनिटांचंच आठवतं. कोटावर चिठ्ठ्या टाचलेल्या. कामाला येणारी बाई त्यांना रोज नवीन, पण तिच्या दहा वर्षांच्या पोराचे लाड करतात. शिवी नाही, संशय नाही. आमच्याकडे सासूबाई दिवे लागले की पिशवी भरून दारात उभ्या. पिशवीत परकर, टीव्हीचा रिमोट आणि पेपरात गुंडाळलेली अर्धी पोळी. "मला माझ्या घरी सोड, आणि आधी माझ्या पाटल्या दे, चोरटे." पाटल्या त्यांच्याच हातात असतात. यातलं सुंदर काय, ते त्या महाशयांनी येऊन दाखवावं. चहा मी करते.

गणिती गजा
चुकीच्या पत्त्यावर तक्रार. प्रोफेसरांना डिमेन्शिया नाही, मेंदूला मार लागलाय. जुनं शाबूत, नवं साठत नाही. हेन्री मोलेसन या अमेरिकन रुग्णाचं १९५३ च्या मेंदूवरच्या शस्त्रक्रियेनंतर असंच झालं होतं. आणि पुस्तक गोड आहे हे ठरवलं कोणी? शेवटी ती ८० मिनिटंही जातात, म्हातारा संस्थेत जातो. खरी मजा २२० आणि २८४ ची आहे. एकीला पूर्ण भाग देणाऱ्या, तिच्याहून लहान संख्यांची बेरीज केली की दुसरी येते. बाईचा वाढदिवस २० फेब्रुवारी, महिना आधी लिहिला की २/२०, म्हणजे २२०; प्रोफेसरांच्या घड्याळावर २८४. यावर लिहा की कोणीतरी.

फटकळ
अहो, मग डिमेन्शिया नाही तर आमच्या घरांना औषध म्हणून पाजता कशाला? हेच तर म्हणतेय मी! २८४ ने सासूबाई झोपत असतील तर सांगा, पाढे म्हणून दाखवते.

रात्रपाळी
दोघांनाही एक दिसलं नाही. गोष्ट सांगतेय कोण? ती बाई. एजन्सीच्या कार्डावर प्रोफेसरांच्या नावापुढे नऊ चांदण्या, म्हणजे आधीच्या नऊजणी बदलल्या. म्हाताऱ्याला ताप होता म्हणून ही रात्री थांबली, तर त्याच्या वहिनीने तक्रार केली आणि एजन्सीने काढलं. हे मला अगदी ओळखीचं वाटलं. माझी आई म्हाताऱ्यांना सांभाळायला ब्युरोतून लोकांच्या घरी जाते, बारा तासांची ड्यूटी. तिथल्या आजोबांचं हागणं-मुतणं काढायला तिचे हात चालतात, चहाचा कप मात्र वेगळा, सिंकखाली ठेवलेला.

सदाशिव ते सिएटल
अवांतर, पण राहवत नाही. आईसाठी पुण्यात ठेवलेली मावशी दिवसभर मोबाइलवर. कॅमेऱ्यात बघतो मी इथून. ब्युरोला महिन्याचं कमिशन वेगळं. दिवाळीला बोनस घेतला आणि गायब! पैसे मोजूनही माणूस मिळत नाही, ही खरी बातमी.

रात्रपाळी
सिएटलला रात्री जागून तुम्ही मावशीचा मोबाइल बघता, आईशी बोलता कधी? बारा तासांत तिने दोन फोन केले तर काय झालं, घरी तिचीही पोरं आहेत. साप्ताहिक सुट्टी देत होतात का?

सदाशिव ते सिएटल
वैयक्तिक होऊ नका. सुट्टी दिली तर त्या दिवशी आईला बघणार कोण? कायदा काय म्हणतो ते दाखवा.

रात्रपाळी
२००८ चा घरेलू कामगारांचा कायदा आहे महाराष्ट्रात. नोंदणी करा, कल्याण मंडळाकडून लाभ घ्या, एवढाच. सुट्टी मालकाच्या मर्जीवर. म्हणून तर तुमच्यासारख्यांचं फावतं.

गणिती गजा
२८ या संख्येवर अजून कोणी बोललेलं नाही. तिला भाग देणाऱ्या १, २, ४, ७, १४ मिळवा, परत २८. पुस्तकातल्या प्रोफेसरांचा लाडका बेसबॉल पिचर एनात्सु, त्याच्या जर्सीचा नंबर. पुस्तकाचा कणा आहे तो, आणि इथे कप धुताय.

फटकळ
गजाभाऊ, शांत. रात्रपाळीताई, खरं सांगायचं तर बाईच्या बाजूने मी वाचलंच नव्हतं, तेवढं तुमचं मान्य. पण आमच्या मावशींचा कप वेगळा नाही, आणि मलाही सुट्टी नाही, त्याचं काय? सून फुकटात ड्यूटी करते, तिच्यावर कादंबरी लिहा म्हणावं.

रात्रपाळी
सून रडली तर धागा निघतो. मावशी रडली तर बदली येते.

सदाशिव ते सिएटल
टाळ्या. आता कामाचं बोला. कोथरूड-कर्वेनगर भागात रविवारच्या बदलीला कोणी मिळेल का? व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

रात्रपाळी
दर इथेच लिहा. व्यनित सगळेच कमी सांगतात.